सहा घोड्यांच्या ट्रेलरला मोटरचा जॅक : प्रकल्प नोंदी

२० जानेवारी

नागपूरच्या काटोल रोडवरच्या तबेल्याचा सहा घोड्यांचा ट्रेलर आज हिंगणा एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये आला. गूजनेक पद्धतीचा आहे. मागे दोन एक्सल, आणि पुढची मान ट्रकच्या चासीवर बसवलेल्या छोट्या फिफ्थ व्हीलवर, म्हणजे जोडणीच्या प्लेटवर, टेकते. मानेखाली दोन पाय, हाच ट्रेलरचा जॅक; दोन्ही पायांना जोडणारा आडवा शाफ्ट, डाव्या बाजूला हँडल. गिअर दोन. जलद गिअरमध्ये पाय पटकन जमिनीला लागतो, वजन घ्यायची वेळ आली की हँडल आत ढकलून हळू गिअर टाकायचा. हळू गिअरमध्ये एका फेऱ्याला पाय जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. दहा सेंटिमीटर उचलायचं तर शंभर फेरे. ट्रकची प्लेट आणि तिच्यात अडकणारी मानेची पिन, म्हणजे किंगपिन, यांची उंची जुळेपर्यंत थोडं वर, थोडं खाली असं चालू राहतं, तेही मे महिन्याच्या दुपारी.

तबेल्याच्या मालकीण ताई म्हणाल्या, "सईस काकांचा खांदा आता साथ देत नाही, मोटर बसवून द्या. पण मोटर बंद पडली म्हणून माझे घोडे रस्त्यात अडकले, असं होता कामा नये."

हे दुसरं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. जॅक घेताना सगळे आधी टनाचा आकडा विचारतात. माझ्या मते आधी विचारायचं ते हे, की वीज गेल्यावर हा जॅक काय करतो.

२४ जानेवारी

वाडीतल्या धरमकाट्यावर ट्रेलर नेला. अंदाजाने वजन धरून जॅक घेणं मला पटत नाही, विशेषतः आत जिवंत जनावरं जाणार असताना.

आधी नुसता ट्रक काट्यावर घेतला. मग ट्रेलर जोडला आणि फक्त ट्रकची चाकं काट्यावर ठेवली, ट्रेलरची चाकं बाहेर. दोन आकड्यांतला फरक म्हणजे मानेचा भार. रिकाम्या ट्रेलरला तो ७६० किलो आला. पूर्ण रिकामा ट्रेलर ३,२०० किलोचा, म्हणजे सुमारे २४ टक्के भार पुढे आहे. गूजनेकला २० ते २५ टक्के पुढे असावा लागतो, तेव्हा ट्रेलरची बांधणी चांगली आहे. साध्या बॉल-हूकच्या, म्हणजे गाडीमागच्या गोळ्यावर अडकणाऱ्या, ट्रेलरला हेच प्रमाण १० ते १५ टक्के असतं, म्हणून त्या ट्रेलरांसाठीचे जॅक इकडे आंधळेपणाने लावता येत नाहीत.

आता महत्त्वाची गोष्ट. किंगपिनवर ७६० किलो आहेत म्हणून पायांवरही ७६० येतील, असं नाही. पाय किंगपिनच्या मागे असतात. आमच्या ट्रेलरमध्ये मागच्या दोन एक्सलच्या मधल्या बिंदूपासून किंगपिन ५.६ मीटरवर आहे, पाय ४.३ मीटरवर. पायांचं अंतर कमी, म्हणून त्यांच्यावर भार जास्त. ७६० ला ५.६ ने गुणून ४.३ ने भागलं की ९९० येतात. ट्रेलर सोडून नुसते पाय काट्यावर टेकवून बघितले, काट्याने ९९० च दाखवले. काटेवाल्या दादांनाही मजा वाटली, त्यांनी दोन्ही पावत्या स्वतःहून जपून दिल्या.

२७ जानेवारी

ड्रायव्हर मामांचं म्हणणं होतं की ट्रेलर सोडताना घोडे आधीच उतरवलेले असतात, मग ९९० किलोला पुरेल असाच जॅक घ्या, स्वस्तात पडेल. नेहमीचा रिवाज तोच आहे आणि तोच असला पाहिजे: ट्रेलर ट्रकला जोडलेला असतानाच घोडे चढवायचे, जोडलेला असतानाच उतरवायचे. पण समजा कोंढाळीच्या पुढे ट्रक बंद पडला. बाजूने गाड्या सुसाट जाताहेत, घोडे बिथरलेले आहेत, तिथे हायवेवर सहा घोडे उतरवायचे का? नाही. दुसरा ट्रक बोलवायचा, घोडे आत ठेवूनच पाय टेकवायचे आणि ट्रक बदलायचा. जॅक त्या दिवसासाठी घ्यायचा.

त्या दिवसाचं वजन काढायला शेजारच्या प्लॉटवरच्या बांधकामातून सिमेंटच्या गोण्या उसन्या आणल्या. ४५० किलोचा एक घोडा म्हणजे ५० किलोच्या नऊ गोण्या. सहा ठाणांत मिळून ५४. पुन्हा धरमकाटा. किंगपिनवर १,४८० किलो, पायांवर १,९३०.

हा भार दोन्ही पायांवर सारखा वाटला जाईल असंही नाही. प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांप्रमाणे घोड्यांची तोंडं डावीकडे, जाणाऱ्या-येणाऱ्या वाहनांपासून दूर ठेवायची असतात. उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. म्हणजे जॅकच्या डाव्या पायावर जास्त भार येणार. त्या पायावर १,१०० किलो धरून पुढचा सगळा हिशोब केला.

४ फेब्रुवारी

तीन वाटा समोर होत्या.

पहिली, परदेशी तयार इलेक्ट्रिक जॅक. एका खांबाचा, १२ व्होल्टचा, ४५ सेंटिमीटर स्ट्रोकचा (पाय तेवढा बाहेर येतो). कॅटलॉगमध्ये ३,५०० आणि ५,००० असे आकडे होते, पण ते पौंडात. ३,५०० पौंड म्हणजे १,५९० किलो, आमच्या भरलेल्या ट्रेलरला अपुरा. ५,००० पौंड म्हणजे २,२६८ किलो, आकड्यावर चालतो. पण हे जॅक मुळात बॉल-हूकच्या ट्रेलरच्या दांड्यासाठी केलेले. सात-साडेसात फूट उंच, रुंद डबा मध्यावरच्या एका खांबावर उभा केला की वाऱ्याने आणि आत माणूस चालल्याने तो डुलतो, आणि ते डुलणं सगळं त्या खांबाच्या तोंडाशी येतं. काही जॅकमध्ये बॉल-स्क्रू (आट्यांत गोळ्या फिरणारा स्क्रू) असतो. त्याने करंट कमी लागतो, पण तो स्क्रू भाराने उलटा फिरू शकतो, म्हणून आत ब्रेक द्यावा लागतो. तो ब्रेक इथे नागपुरात कोण दुरुस्त करणार?

दुसरी वाट हायड्रोलिक. एमआयडीसीतच डंपरचे पॉवर पॅक (मोटर आणि तेलाच्या पंपाचा संच) करणारे एक भाऊ आहेत, त्यांच्याकडे अर्धा दिवस बसलो. काम देखणं आहे. वेग भरपूर, ताकद भरपूर. डंपर ट्रॉलीला याच्यासारखं काही नाही. माझी अडचण वेगळी आहे. हा ट्रेलर सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आठवडाभर पायांवर उभा राहणार, रात्री पुढच्या खोगीर-खोलीत सईस लोक झोपणार. सिलिंडरमधलं तेल सील ओलांडून थोडं जरी सरकलं तरी सकाळपर्यंत एक बाजू खाली बसते. पायलट चेक व्हॉल्व्ह टाकून ते रोखता येतं, पण मग दोन सिलिंडर सारखे चालावेत म्हणून फ्लो डिव्हायडर, शिवाय दीडशे अँपिअरच्या घरात करंट, जाड केबल, मोठी बॅटरी. आणि हातपंप स्वतंत्र.

तिसरी वाट, जे पाय आहेत तेच ठेवायचे आणि आडव्या शाफ्टला गिअर-मोटर जोडायची. आतला स्क्रू चौकोनी आट्यांचा आहे. आट्यांचा चढ इतका कमी की वरून भार आला तरी स्क्रू उलटा फिरत नाही. वीज असो-नसो, ट्रेलर जिथे ठेवला तिथेच राहतो. बेअरिंग इतवारीत मिळतं, आणि सेमी-ट्रेलरचे पाय दुरुस्त करणारे मिस्त्री वाडीत जागोजागी आहेत.

तिसरी वाट ठरवली. ताईंना फोनवर कारणं सांगितली, त्यांनी एकच विचारलं, "हँडल राहणार ना?" राहणार.

११ फेब्रुवारी

१२ व्होल्ट की २४? ट्रक २४ व्होल्टचा आहे. मामांना वाटत होतं ट्रकच्या बॅटरीवरूनच वायर ओढावी. पण जॅक लागतो तो नेमका ट्रक सुटल्यावर! सकाळी ट्रेलर उचलून ठेवायचा असतो आणि ट्रक अजून डिझेल भरायला गेलेला असतो. म्हणून ट्रेलरची बॅटरी स्वतःची हवी. शिवाय वायरच्या लांबीत व्होल्टेज गळतं. १२ व्होल्टवर २२ अँपिअर, ट्रकपासून ८ मीटर जायचं आणि ८ यायचं, वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर अडीच व्होल्टच्या वर वाटेतच जातात. मोटरला उरतात साडेनऊ. मोटर कण्हते, तापते, आणि लोक म्हणतात मोटर हलकी निघाली. त्यात बहुतेक वेळा मोटरचा काही दोष नसतो.

बॅटरी मानेखालीच ठेवली, मोटरपासून दीड मीटरवर, १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने. आता गळती ०.१२ व्होल्ट. बॅटरी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवरची, फक्त जॅकसाठी. घोड्यांच्या पंख्यांना दुसरी. नागपूरच्या उन्हात पंखे दिवसभर चालतात; एकाच बॅटरीवर ठेवले तर संध्याकाळी जॅकला काही उरणार नाही. चार्जिंगला छतावर ५० वॉटचं सोलर पॅनेल.

१७ फेब्रुवारी

मोटरचा हिशोब. १,९३० किलो दहा सेंटिमीटर उचलायचे, ४० सेकंदांत. नुसत्या उचलण्याला ४७ वॉट लागतात, जुन्या पद्धतीचा विजेचा छोटा बल्ब समजा. पण असल्या स्क्रूमध्ये आणि त्याच्या गिअरमध्ये पाऊण ताकद घर्षणात जाते, म्हणजे शाफ्टवर १९० वॉट. मोटरच्या वर्म गिअरबॉक्समध्ये आणखी तीस टक्के. बॅटरीकडून जवळपास २७० वॉट, म्हणजे २२ अँपिअर. ३५० वॉटची मोटर आणि मिनिटाला १५० फेरे देणारा गिअरबॉक्स नक्की केला. शंभर फेरे ४० सेकंदांत होतात. शाफ्टवर १२ न्यूटन-मीटरचा पीळ लागतो, गिअरबॉक्स त्याच्या दुपटीचा घेतला.

यापेक्षा मोठी मोटर मुद्दाम घेतली नाही. जास्त ताकद म्हणजे पाय दगडावर अडकला तरी मोटर ढकलत राहणार आणि ब्रॅकेट वाकवणार.

५ मार्च

मोटर बसली. शाफ्टच्या उजव्या टोकाला स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), मोटरपासून चेन. डाव्या टोकाला जुनं हँडल तसंच.

सईस काका बघायला आले होते. बराच वेळ चेनकडे बघत राहिले, मग हँडलला हात लावून म्हणाले, "भाऊ, हे काढाचं इसरलं त हात तुटते न."

बरोबर होतं त्यांचं. या सगळ्या कामात हीच जागा खरी धोक्याची आहे. मोटर सुरू होताना हँडल शाफ्टवर असेल तर ते मिनिटाला १५० फेऱ्यांनी फिरतं, आणि त्याच्या शेजारीच माणूस उभा असतो. बाजूला घोडा बांधलेला असेल तर त्याच्या पायाला लागेल ते वेगळंच. पाटी लावून हे सुटत नाही. घाईत पाटी कोणी वाचत नाही.

उपाय असा केला. हँडल सुटं केलं आणि त्याच्यासाठी मानेच्या आतल्या बाजूला खाच केली. खाचेच्या तळाशी लिमिट स्विच. हँडल खाचेत पूर्ण बसलं की स्विच दाबला जातो आणि तेव्हाच मोटरच्या रिलेला वीज मिळते. हँडल काढलं की मोटर मेली. काकांनी स्वतः हँडल अर्धवट ठेवून, तिरकं ठेवून, कापड गुंडाळून ठेवून बघितलं. कापड गुंडाळल्यावर हँडल आत जातच नव्हतं आणि मोटर गप्प होती. तेव्हा त्यांनी मान डोलावली.

उलट बाजूचीही सोय लागते. वर्म गिअर हाताने उलटा फिरत नाही, म्हणून मोटर जोडलेली असताना हँडल मारलं तर काहीच हलणार नाही. त्यासाठी स्प्रॉकेट शाफ्टवर बुशमध्ये मोकळं ठेवलं आणि १० मिलिमीटरच्या एका आडव्या पिनने शाफ्टशी बांधलं. पिन ओढली की मोटर सुटी, जॅक पुन्हा पहिल्यासारखा हातचा. पिनेला साखळी लावली, नाहीतर ती पहिल्याच महिन्यात गवतात जाते. ताईंच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर ही पिन आहे.

१२ मार्च

बटण. ट्रकच्या केबिनमधून चालवता येणाऱ्या रिमोटची मागणी मामांनी केली. नको म्हटलं. चार मीटर वायरचं हातातलं बटण दिलं, दाबून धरलं तरच चालणारं, बोट काढलं की थांबणारं. त्या वायरच्या टोकाला उभं राहिलं की किंगपिन आणि दोन्ही पाय एकाच नजरेत येतात. रिमोट खिशात दाबला जातो.

बॅटरीच्या धन टोकाजवळच ४० अँपिअरचा ब्रेकर, हाताने रीसेट करायचा. आपोआप रीसेट होणारा टाळला. जलद गिअर चुकून भारावर राहिला तर मोटर अडते, ब्रेकर पडतो, आणि तो वर करायला माणसाला गिअरच्या दांड्याजवळ जावंच लागतं, तिथे त्याला कारण दिसतं.

२ एप्रिल

भार चाचणी. पुन्हा त्याच ५४ गोण्या. चाकांना पुढून-मागून उटी (चाक सरकू नये म्हणून पाचर) लावली, ट्रक पुढे काढला. करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर सुरुवातीचा झटका ६० च्या आसपास, मग २३-२४ अँपिअरवर स्थिर. उतरवताना ९. बॅटरी ११.८ पर्यंत खाली आली आणि बटण सोडल्यावर लगेच सावरली. कागदावरच्या २२ ला मीटरवरच्या २३-२४ ने जवळजवळ साथ दिली, याचं समाधान मोठं आहे.

रात्रभर भारासकट पायांवरच ठेवला, दोन्ही पायांवर खडूची रेघ मारून. सकाळी रेघा जागच्या जागी.

१६ एप्रिल

ट्रेलर तबेल्यावर गेला. मोटरचा घुंऽऽ आवाज एका घोडीला बिलकुल खपला नाही, कान मागे टाकून तिने दोरी ताणली. काकांचा उपाय साधा होता: रोज चंदी द्यायच्या वेळीच मोटर वर-खाली करायची. आठवड्याने मोटर वाजली की तीच घोडी खिंकाळून चंदी मागायला लागली. गिअरबॉक्सखाली रबराच्या पट्ट्याही टाकल्या, त्याने थरथर कमी झाली.

१४ मे

बाहेर ४५ अंश. बॅटरीच्या चेकर्ड प्लेटच्या बंद पेटीत थर्मामीटर ठेवला तर ५८. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं, तेव्हा या पेटीत तिची वाट लागली असती. पेटीला दोन्ही बाजूंनी जाळी कापली आणि वर एक इंच अंतर सोडून दुसरा पत्रा टाकला. दुपारी ४८ वर आलं. चेनला ग्रीसऐवजी आता सुकं वंगण. तबेल्यातली धूळ आणि भुसा ग्रीसवर बसून त्याची खरपुडी होते.

८ जुलै

तबेल्याची जमीन काळी कापसाची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगून लोण्यासारखी होते. पायाचा तळवा २५ बाय २५ सेंटिमीटर, त्यावर १,१०० किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला १.७६ किलो. ओली काळी माती हे सोसत नाही. मोटर फिरत राहते, पाय जमिनीत जात राहतो आणि मान इंचभरही उचलली जात नाही.

लकडगंजातून बाभळीच्या फळ्या आणल्या. दोन थर, एकमेकांना आडवे, बोल्टने आवळलेले, ५० बाय ५० सेंटिमीटर, सात सेंटिमीटर जाड. आता तोच भार चौरस सेंटिमीटरला ०.४४ किलो होतो. एक ठोकळा १४ किलोच्या घरात, काका एका हाताने ओढून नेतात. वरच्या बाजूला तळवा बसेल एवढी चौकट ठोकली, पाय घसरू नये म्हणून.

चिखलातून ठोकळा सरळ वर ओढला तर तो सुटत नाही, खाली हवा जायला जागाच नसते. म्हणून एका कोपऱ्याला दोराची कडी बांधली. कोपरा आधी उचलायचा, मातीचा चुप्प असा आवाज येतो आणि ठोकळा सुटतो.

आज पावसात रिकामा ट्रेलर उचलून बघितला. ठोकळे बोटभर दबले आणि थांबले, मान वर गेली.

२१ जुलै

काम ताईंकडे सोपवलं. सोबत जादा चेन-लिंक, जादा पिन, एक ब्रेकर. डाव्या पायाच्या वरच्या बेअरिंगला बारीक खेळ आहे, भारात जाणवत नाही, पण सारंगखेड्याला निघायच्या आधी, दिवाळीनंतर, ते उघडून बदलायचं आहे. तापीकाठची माती मऊ आहे, तिकडे जाताना ठोकळ्यांची दुसरी जोडी करून द्यायची.